साहेबांच्या घराला दुसरं दार

ताई,

साहेब आणि कारकून, दोन्ही गिनीपिगांना डॉक्टरांकडून जसंच्या तसं परत आणलंय. नसबंदी केली नाही. चिडू नकोस, पुढचं वाच.

डॉक्टर म्हणाले, "सोबत मादी नाही, मग कशाला? नरांची भांडणं त्यानं थांबत नाहीत, आणि एवढ्याशा जिवाला भूल देणं जोखमीचं." मग विचारलं, पिंजऱ्यातल्या लाकडी घराला दारं किती? मी अभिमानानं सांगितलं, एक. "मग एक दारात बसला की दुसरा आत कोंडला जातो. मारामारी होणारच." म्हणजे कारकुनाच्या फाटलेल्या कानाला साहेब नव्हे, बांधकाम खातं जबाबदार. अर्थात मी.

तुझ्या नव्या बुटांच्या खोक्याचं दोन दारांचं घर केलंय. पाव कापायची सुरी त्यात धारातीर्थी पडली, माफ कर. बूट कपाटावर आहेत. खाण्याच्या वाट्याही आता दोन आहेत, दोन्ही भर. पुन्हा रक्त दिसलं तर पिंजरेच वेगळे करायचेत.

आणि एक. नवऱ्याकडून मी आठवड्यासाठी म्हणून आले, त्याला अकरा महिने झाले. तिथे किल्ली एकच होती, त्याच्या खिशात. तू पहिल्याच संध्याकाळी मला वेगळी किल्ली करून आणलीस, आणि कुठे चाललीस, कधी येशील, हे आजवर विचारलं नाहीस. डॉक्टरांसमोर ते आठवून माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, गिनीपिगांसाठी. मीही तसंच वाटू दिलं.

रात्रपाळी करून सकाळी सातपर्यंत येते. दार लावून खुशाल झोप, किल्ली आहे माझ्याजवळ.

छोटी