पावडरीवर न उमटलेलं तेल

दि. ४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बाबा आणि मी ठीक आहोत, त्यांच्या मोटरसायकलचं मात्र काही खरं नाही. तीन आठवडे झाले, रोज सकाळी शेडमध्ये इंजिनाखाली तेल सांडलेलं असतं. गेल्या वर्षी तू इंजिन खोलून सगळी पॅकिंगं बदललीस, मग हे कुठून?

माझा संशय कोपऱ्यावरच्या मिस्त्रीवर आहे. गाडी विकणार का, असं त्याने दोनदा विचारलं. परवा हवा भरायच्या निमित्ताने गाडीभोवती घुटमळत होता. नट सैल करायचा, गाडी भंगारात जाईल असं भासवायचं आणि स्वस्तात पदरात पाडून घ्यायची, हा डाव मला कळत नाही होय? घरात पाऊल टाकू नकोस म्हणून त्याला बजावलंय. बाबा गाडी काढत नाहीत, बाजारात पायी जातात.

लोभ तू ठेव, पाळत मी ठेवते.

ताई

दि. ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिस्त्री आगाऊ आहे, पण त्याला फासावर चढवण्याआधी एवढं कर. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं पूस आणि प्रत्येक जोडावर अंगाला लावायची पावडर भुरभुर. गाडी वीस मिनिटं उभ्याउभ्या चालू ठेव. गळत असेल तिथली पावडर ओली होईल. तेल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यांत वरचा ओला डाग शोध.

जमिनीवरचं तेल पांढऱ्या फडक्याने टिपून रंगही कळव. चाललेल्या इंजिनातलं तेल काळं असतं. किक बाबांना मारू दे, नाहीतर पाय धरून बसशील.

तुझी माया आहेच, रागही थोडा आवर.

धाकटा

दि. १५ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पावडर जशीच्या तशी कोरडी, आणि दुसऱ्या सकाळी खाली तेल हजर. फडक्यावर रंग मधासारखा आला. म्हणजे कुणीतरी डब्यातलं नवं तेल ओतून जातंय. शेडला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या खिशात, तेव्हा मिस्त्रीने दुसरी किल्ली करून घेतली असणार.

बाबांना त्याचं काही नाही. हल्ली पेपरही मलाच वाचायला लावतात, चष्मा जड होतो म्हणे. मी पोलिसांत जाणार आहे. तुझं पत्र येईपर्यंत थांबते.

ताई

दि. १९ जून

ती. बाबांस शि. सा. न.

दोष सापडला. खालच्या जोडाचं पॅकिंग मी गेल्या वर्षी वाकडं बसवलं. चूक माझी, मिस्त्रीचा काही संबंध नाही. ताईला तसं कळवलंय. मी येऊन इंजिन खोलेपर्यंत गाडी कुणीही चालवू नये.

आपला आशीर्वाद असावा.

धाकटा

दि. २४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईला न देता भिंग लावून मीच वाचलं. जोड तू चोख बसवला होतास, मी शेजारी उभा होतो. माझ्यापायी नसलेली चूक अंगावर घेऊ नकोस.

तू ओळखलंस ते खरं, तेल मीच ओतत होतो. दीड महिन्यापूर्वी वळणावर सायकलवरची एक मुलगी मला दिसलीच नाही. वीतभर अंतराने वाचली. नजर गेली म्हणण्यापेक्षा गाडी बिघडली म्हणणं सोपं वाटलं. आळ मिस्त्रीवर गेला तरी मी गप्प बसलो, त्याची लाज जास्त वाटते.

काल त्याच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तोच घेऊन जाणार आहे. ताईलाही सांगितलं. ती अजून बोलत नाही, पण जेवायला वाढते.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस. आलास की किल्ली तू घे. मला मागे बसव आणि त्या वळणावरून हळू ने.

बाबा