सॉरी, पण दुखतंय कुठे?

तुकोगंज, इंदूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. अप्पाकाका यांस,
भूषणचा शि. सा. न. वि. वि.

एकाच शहरात राहून पत्र लिहायची पाळी आणलीत, काका! माझा नंबर ब्लॉक केलात, वर निरोप धाडलात की बोलायचं असेल तर पोस्टानं बोल. घ्या, बोलतोय.

आपल्या यशवर्धनच्या लग्नात तुमची मंगलाष्टकं चालू असताना चौथ्या कडव्याला माईक बंद पडला, तो मीच साउंडवाल्याला खूण करून बंद करवला. मान्य. पण काका, स्पीकरवरच्या तुमच्या आवाजानं बाहेर नवरदेवाची घोडी उधळायच्या बेतात होती हो! मी लगेच सॉरीचा मेसेज टाकला, खाली जोडलेले हात पण होते.

आता येत्या पंचवीसला माझ्या सुरभीचं लग्न. आपल्या घरात तुमच्या मंगलाष्टकांशिवाय आजवर एकही अंतरपाट खाली आलेला नाही. पुन्हा एकदा सॉरी. याल ना?

काकूंना नमस्कार. लोभ पूर्वी होता तेवढा तरी ठेवावा.

आपला,
भूषण

सुदामा नगर
८ नोव्हेंबर

चि. भूषण यास अप्पांचे आशीर्वाद. (रागात असलो तरी द्यावेच लागतात, नाइलाज आहे.)

तुझी सॉरी पोचली. अरे, काय दशा करून ठेवलीत त्या शब्दाची! रिक्षात धक्का लागला, सॉरी. नीट ऐकू आलं नाही, सॉरी. तुझ्या सियागंजच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवा तो नळ नाही, सॉरी. शेवटी मी मोठी डिक्शनरी काढली. लोकांना वाटतं सॉरी हा 'सॉरो'मधून, म्हणजे दुःखातून आला. साफ चूक! दोघांचं कूळच वेगळं. शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसायला लागले, मी आणि तुझी काकू जसे. सॉरी आला 'सोअर'च्या घरातून, म्हणजे जखम, ठणका. जुना इंग्रज सॉरी झाला, की त्याचं खरोखर काहीतरी दुखत असे.

तेव्हा भिया, एवढंच कळव: तुझं दुखतंय कुठे? जागा कळली की यायचा विचार करीन.

तुझी काकू प्रेमलता म्हणते, पोरीसाठी तरी जा. तिला सांगितलं, तू मध्ये पडू नकोस. लोभाचं तुझ्या उत्तरावर ठरेल.

अप्पा

तुकोगंज
१४ नोव्हेंबर

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मी अंग चाचपून राहिलोय. गुडघा दुखतो, पण तो जिन्यामुळे. छातीत जळजळतं, पण ती सराफ्याच्या खाऊगल्लीतली रात्रीची कचोरी. खोटं कशाला लिहू?

तुम्ही येत नाही असं धरून मी आर्या नावाची एक गाणारी मुलगी ठरवली. काल ती घरी येऊन मंगलाष्टकं म्हणून गेली. गज्जब सूर! एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सगळे वाहवा करत होते आणि सुरभी उठून आत गेली. मी मागे गेलो तर रडत होती. म्हणाली, बाबा, हे दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न वाटतंय. अप्पाआजोबा 'सावधान' ओरडले की पोटात कसं धस्स होतं, तेव्हा कुठे आपलं लग्न लागल्यासारखं वाटतं.

काका, तेव्हा माझ्या घशात जे काही आलं ते अजून उतरलेलं नाही. चहा प्यायलो, गुळण्या केल्या. आवंढा गिळताना दुखतं. मी तुमचा माईक बंद करायला नको होता.

जागा कळवली आहे. लोभ उरला असला तर धाडावा, नसला तरी तुम्ही या.

तुमचाच,
भूषण

सुदामा नगर
१९ नोव्हेंबर

चि. भूषण यास अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

घसा मंजूर. तुझं पत्र वाचून डोळे भरून आले, पण काकूला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढला. आर्याला म्हणावं, अंतरपाट खाली आला की हवं तेवढं गा. सुरभीला सांग, आजोबा येतायत आणि पोटात धस्स करायची जबाबदारी त्यांची.

माईक मी स्वतःचा आणतोय. सेलवर चालतो, दिवसभर माझ्या कोटाच्या आतल्या खिशात राहील. घोडी फाटकापाशीच बांधावी. आणि ऐक, सुरभीच्या नावानं मी स्वतः तीन कडवी रचली आहेत. आठ अधिक तीन, पूर्ण अकरा होतील. चाल पण माझीच आहे. ती ऐकून मांडवात कुणाचं काही दुखलंच, तर आत्ताच लिहून ठेवतो: सॉरी.

लोभ होता तिथेच आहे, फक्त रुसला होता.

तुझा,
अप्पाकाका