उजव्या बुटाची शिवण

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट पाहून थकले आणि मीच लिहायला बसले. वर फोन लागत नाही हे तुझं बरं आहे. उशीर झाला की डोंगर पुढे करता येतो. रागावू नकोस.

बाबांनी बुटांचं दुकान बंद केलं. हात थरथरतो, सुई नेमकी जात नाही. बूट ज्यांच्यावर बेतायचे ते लाकडी फर्मे तेवढे घरी आणले, ते कपाटावर ओळीने बसलेत. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, यंदा थोरल्याबरोबर खिंडीपर्यंत चालत जायचं. तू लोकांना आठ-आठ दिवस डोंगरात चालवतोस, ते त्यांना एकदा पाहायचंय. बाकी काही मागणं नाही म्हणाले.

मग त्यांनी, तू पहिल्या कमाईतून त्यांना पाठवलेले बूट काढले. इतकी वर्षं कागदात गुंडाळलेले, एकदाही न घातलेले. चांगली वस्तू वापरायची नाही, हा आपल्या घरचा नियमच. मी सवयीने तळाला अंगठा दाबला, तर मधला थर शिळ्या बिस्किटासारखा भुगा होऊन गळला. पडून राहिलेला फोम आतून कुजतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. सांगावं की नाही या विचारात मला जेवण जाईना. शेवटी सांगितलं. घातले असते तर टिकले असते, एवढंच म्हणाले.

नवे कसे घ्यावेत आणि तुमची तुकडी कधी निघते, ते कळव.

लोभ आहे हे ठाऊक आहे, कधीमधी कागदावरही येऊ दे.

तुझी,
टाचणी


दि. १६ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

रसदीची गाडी खाली निघाली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

इथे खडक आहे, पाणी आहे, वाट नाही. बूट घोट्याच्या वर जाणारे, जाड चामड्याचे हवेत. तळ शिवलेला हवा, नुसता चिकटवलेला नको. संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघायचे. उतारावर बोटं पुढे आपटली तर तो बूट नको. आणि महिनाभर रोज घालून मऊ केल्याशिवाय मी कोणालाही वर नेत नाही. बाबांनाही नाही. या वयात एवढी उठाठेव ते करणार नाहीत, असं मला वाटतं.

तुकडीचं अजून ठरलेलं नाही. तब्येतीला जप.

तुझा दादा


दि. २२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उठाठेव केली. तीही हौसेने.

दुकानदाराने चकचकीत बुटांची रांग मांडली. बाबांनी एकेक हातात घेऊन पिळला, आत हात घालून शिवण चाचपली, वास घेतला. दुकानदार म्हणाला, काका, घालायचेत की खायचेत? बाबा म्हणाले, पावसात भिजले की कसे लागतील ते बघतोय. शेवटी निवडले ते त्यातले सगळ्यांत कुरूप. उतार म्हणून दुकानाच्या पायऱ्या धाडधाड उतरून पाहिल्या. बोटं आपटली नाहीत.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इमारतीचे जिने चढतात. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं, लिफ्ट बंद आहे का. बाबा म्हणाले, लिफ्टला काही झालेलं नाही, मला झालंय. डाव्या टाचेला एक फोड आला होता, आता बरा आहे. थोरल्याला लिहू नकोस म्हणाले. पण मला असं काही लपवलं की झोप लागत नाही, तू जाणतोसच.

तारीख कळव. रोज विचारतात.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

टाचणी


दि. ४ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

जिन्यावर फोड येतो, तर खडकावर काय होईल? विचार कर.

शिवाय सॅक लागेल. मागून आणलेली चालणार नाही. पाठीच्या मापाची हवी, वजन खांद्यांवर न येता कमरेच्या पट्ट्यावर बसलं पाहिजे. फार मोठीही नको, जागा दिसली की माणूस नको ते भरत जातो. भरलेली सॅक घेऊन चालायचा सराव हवा. डॉक्टरांनाही दाखवा. तुकडी जवळजवळ भरत आली आहे.

तुझा दादा


दि. १९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सॅक घेतली. पट्टा कमरेच्या हाडावर बसत नव्हता, तो उसवून मी खाली शिवला. आत पाण्याच्या बाटल्या भरून बाबा जिने चढतात. डॉक्टर म्हणाले, यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

दादा, तू बूट म्हणालास, बूट झाले. सॅक झाली. आता काठी म्हणशील, मग टोपी म्हणशील. माझं चुकत असेल तर कान धर, पण तुला बाबा तिकडे यायला नकोच आहेत का? सरळ लिही.

तुझी,
टाचणी


दि. २७ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

हो. नकोत.

शाळेचं डोंगरातलं शिबिर होतं, तू तेव्हा लहान होतीस. बाबा म्हणाले, आधी गणितात पहिला ये. आलो. मग म्हणाले, सुट्टीत दुकानात बस. बसलो. आदल्या दिवशी म्हणाले, चपलांनी डोंगर चढतात का, बूट कुठे आहेत तुझे? घरात बुटांचं दुकान, आणि बूट नाहीत म्हणून मी घरी राहिलो. त्यांच्या हे लक्षातही नसेल. मला इथला प्रत्येक चढ चढताना आठवतं.

तुकडी मेच्या मध्यावर निघते. त्यांना हे सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेतील. बुटात खोट निघाली म्हण. नवे मऊ करायला आता वेळ नाही, म्हणजे विषय मिटला. चामड्याच्या बाबतीत ते तुझं ऐकतात. एवढं एक माझ्यासाठी कर.

तुझा दादा


दि. ५ मे

दादास,
नमस्कार.

केलं.

उजव्या बुटाची टाचेजवळची शिवण दाखवली आणि म्हटलं, ही वर टिकणार नाही. त्या शिवणीला काहीही झालेलं नाही.

बाबा बूट घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा पुसला. टाक्यांवरून अंगठा फिरवला, तळ वाकवला, चामडं ओढून पाहिलं. शिकत असताना एकदा मी सैल टाक्याला घट्ट म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडून अख्खी शिवण उसवून घेतली होती. आताही बोलतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. बोलले असते तर मी सगळं सांगून टाकलं असतं.

ते म्हणाले, हो गं, सैल आहे. माझ्या कसं लक्षात आलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, थोरल्याला लिही, बाबांचंच मन बदललं म्हणून. त्याला उगाच वाईट वाटायला नको.

तसं मी लिहिलं, असं समज.

काल म्हणाले, खोट आहे तर बूट परत करून ये. मी पिशवी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले. दुकानदाराने विचारलं असतं, खोट कुठे आहे ते दाखवा.

तुझी बहीण