बोर लोखंडाची

१२ फेब्रुवारी १९९६
बोर आली!
कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली, तशी कणकेच्या हातानेच पळाले. गावाहून दत्तू. माझा धाकटा भाऊ. "ताई, आपल्याच वावरात बोर मारून राहिले. एवढी मोठी मशीन. आईनं नारळ फोडला." कोण मारतंय, पैसे कोणाचे — विचारलं तर म्हणे, "सरकारच असंल. फुकट आहे." फुकट म्हटलं की आमच्या गावाला पुढचं ऐकू येत नाही.

घरी येऊन सांगितलं, तशा सासूबाईंनी कान टवकारले. गेल्या वर्षी मी वैशूला, माझ्या नणंदेला, दत्तूसाठी मागितलं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुमच्या गावात पाणी येऊ दे, मग पोरगी देते." वैशूला दत्तू आवडतो हे अख्ख्या चाळीला माहीत आहे, एक तिची आई सोडून.

२० फेब्रुवारी
पाणी लागलं! भोकातून वर उसळलं म्हणे. दत्तू फोनवर रडला. सासूबाईंनी शब्द पाळला. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला. वैशू दिवसभर आरशासमोर.

४ मार्च

इथे सुरतेत, उधन्याला, भाईदास शेठच्या सुताच्या ऑफिसात मी झाडू-चहा करते. आज ट्रकमधून लाकडी पेट्या आल्या. आत दगडाचे लांब गोल दांडे, लालकाळे, मुळ्यासारखे ओळीने मांडलेले. पुसायला गेले तर शेठ म्हणाला, "चंचलबेन, हाथ नहीं लगाडवानो. लोखंड छे." सूत विकून पोट भरलं नाही, आता लोखंड विकणार.

नितीनसाहेब म्हणून नवीन माणूस ठेवलाय, जमिनीचं शिकलेला. त्याला विचारलं, कुठले दगड? त्याने आमच्या गावाचं नाव घेतलं. बोरच्या भोकातून काढलेत, म्हणाला.
"पण ती तर पाण्याची बोर ना साहेब?"
"बोरच, पण पाण्याची नाही. खाली लोखंडाचा दगड किती, कसा, ते बघायची. बघून झालं की पाइप काढायचे आणि भोक सिमेंटने बुजवायचं."
"पाणी लागलं तरी?"
"तरी. तशीच पद्धत आहे."
आणि लोखंड भरपूर निघालं तर? मग खाण, म्हणाला. चहा दिला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. आमच्याकडे बोर म्हणजे पाणी. दुसरी बोर असते हे कोणाच्या बापाला माहीत? मशीनवाल्यांनी 'बोर मारायची' म्हटलं, गावाने अंगठे उठवले. झालं.

५ मार्च
सांगितलं तर दत्तू बिनलग्नाचा. नाही सांगितलं तर वैशूच्या डोक्यावर हंडे.

९ मार्च
आधी नवऱ्याला सांगितलं. लखन म्हणाला, "तू गप राहा. जमलेलं मोडू नको." मग दत्तूला फोन केला. "ताई, तू सुरतेत राहून लई शहाणी झाली. पाणी आम्ही पिऊन राहिलो. तुह्या सायबानं पिलं काय?" आईने फोन ओढून घेतला. "भावाचं भलं पाहवत नाही तुले."

मला पाहवत नाही? नाल्यातला झिरा खरवडून पाणी कोणी आणलं? टाळूवरचे केस गेले ते अजून आले नाहीत. आईने कधी तेल लावून दिलं नाही, उलट हंडा अर्धा का म्हणून विचारायची. आज तिचा इतका राग आला की जेवले नाही. वैशू नळाच्या धारेखाली वाढलेली पोर. उन्हाळाभर मरेल तिथे.

१७ मार्च
सांगून टाकलं. सासूबाई भाजी निवडत होत्या, वैशू समोरच. सगळं सांगितलं, सिमेंटचंही. सासूबाईंनी मेथीची जुडी तशीच ठेवली. "मोडलं," एवढंच म्हणाल्या.
 वैशू गुजरातीत — चिडली की ती गुजरातीतच बोलते — "भाभी, तारुं शुं जतुं'तुं?"
माझं काय जात होतं! माझं माहेर जात होतं, बाई. गेलं.

२८ मार्च
दत्तू फोनवर येत नाही. आईही नाही.

२ एप्रिल
सासूबाईंनी इथल्याच कोसाडचं स्थळ आणलंय. बिजवर. घरात नळ आहे म्हणे. नवऱ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नसावं. वैशू हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी सासूबाईंना म्हटलं, थोडं थांबा, घाई करू नका. "तू आता बोलूच नको," म्हणाल्या. लखननेही मान फिरवली.

२१ एप्रिल
काल लागलं. मुहूर्त तोच ठेवला, नवरा बदलला. वैशूला हळद लावायला गेले तर तिने गाल बाजूला केला. रिक्षात बसताना सगळ्यांच्या पाया पडली, मला सोडून. नवऱ्याच्या कानावर पांढरे केस आहेत. मी मनाला सांगतेय, वाचवलं तिला, वाचवलं. मेलं मन ऐकत नाही.

११ मे
लोखंड हलकं निघालं. पेट्या मागच्या अंगणात फेकल्यात. सिमेंटचा खर्च कोण करणार म्हणून शेठने भोक तसंच गावाला सोडून दिलं. काल तिथे हापशी बसली. पाणी गोड आहे. आईचा निरोप आला — तू प्यायला येऊ नको.