खालची ओळ

६ नोव्हेंबर, गुरुवार

भिंत गेली! ऐंशी मीटर. वादळ परवा संध्याकाळी आलं, काल दिवसभर थैमान घातलं, आज उघडीप पडल्यावर गँग घेऊन चालत गेलो. बोगद्यातून बाहेर पडताच माझा जुना जोडीदार लंबू थांबला. म्हणाला, "मुकादम, पुढे काहीच नाही." समुद्राकडची भिंत आडवी, मागचा भराव वाहून गेलेला, आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबतायत, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे. खाली समुद्र शांत, जसं काही केलंच नाही!

एकतीस वर्षं या लाईनीवर आहे. बोगद्यापासून दीपगृहापर्यंत साडेचार किलोमीटर, डोळे मिटून चालेन. आज डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. वारा होता, खपून गेलं.

पलीकडच्या गावाला दुसरा रस्ता नाही. दवाखाना, मोठी शाळा, पीठमीठ, सगळं गाडीच्या जिवावर. म्हणजे आमच्या जिवावर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम आल्या, मोजमाप झालं. मॅडम म्हणजे लाईनीच्या इंजिनिअर, आणि आमची सूनबाई. दोन वर्षं झाली तिची बदली इथे होऊन, अजून माझी जीभ अडखळते. घरी मी बाबा, लाईनीवर मुकादम. घरी ती मला विचारून चहा टाकते, इथे मी तिला विचारून पहार उचलतो. ही म्हणते, "एका घरात दोन साहेब नांदत नाहीत, म्हणून एकाला मुकादम केलंय." हिच्या तोंडाला कोण लागणार!

सूनबाई नकाशा गुंडाळत म्हणाली, "वीस तारखेला अमावास्या. उधाणाच्या आत भिंत आणि भराव उभा राहिला नाही, तर पुढचे शंभर मीटरही जातील. बारा दिवस, मुकादम. जमेल?"

"अकरात करू." निघून गेलं तोंडातून! लंबूने कपाळावर हात मारला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज दोन हजार पोती वाळू. माणसांची रांग लावली, हातोहात. पलीकडच्या गावातून चाळीस जण होड्यांनी आले. न्हावी, शिंपी, शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा! मुख्याध्यापकांना म्हटलं, "गुरुजी, कंबर सांभाळा." म्हणाले, "मुकादम, तुम्ही पोती मोजा, कंबर माझी मी मोजतो." हसून हसून पुरेवाट.

माझी गँग म्हणजे माझी गँग! ओरडायची गरज पडत नाही. हात वर केला की थांबतात, खाली केला की उचलतात.

मॅडम जेवणाच्या सुट्टीत एकट्याच पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यात फिरत होत्या. वाकून दगड उलटेपालटे करायचे, काहीतरी उचलायचं, खाकी पिशवीत टाकायचं. लंबू म्हणाला, "शिंपले वेचतायत बहुतेक." शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही. सूनबाईने डबा तसाच घरी परत आणला, ही चिडली.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी सगळं छान होतं. नव्या भिंतीचा पाया भरला. नवीन पोरांना आमच्या गँगची रीत सांगितली — सिमेंटचं काम ज्याने केलं त्याने ओल्यातच अंगठा उमटवायचा. काम कुणाचं, हे उद्या विचारावं लागू नये. चांगलं असेल तर मिरवा, वाईट असेल तर निस्तरा. ही रीत मी पाडली. माझा उजवा अंगठा अर्धा आहे, आधीच्या लाईनीवर बाविसाव्या वर्षी रुळाखाली चेमटला. त्यामुळे माझा ठसा शंभरात ओळखू येतो. पोरं मागे अंगठेबहाद्दर म्हणतात. म्हणोत! रोज रात्री एक पान लिहिणारा दुसरा अंगठेबहाद्दर दाखवा म्हणावं.

मग मॅडमनी सगळ्यांना गोळा करून भिंत का पडली ते समजावलं. "लाटेने पाडली नाही. लाटा वरून आत आल्या, मागच्या भरावात पाणी साचलं. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं होतं. पडलं नाही. कोंडलं, आणि भिंतीला आतून ढकललं." एवढंच बोलल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

खालची भोकं.

अकरा वर्षांपूर्वी मोठी तपासणी होती. भोकांतून पाणी गळायचं, खालच्या पायवाटेवर शेवाळ धरायचं, दोन माणसं घसरून पडली होती. तेव्हाचे साहेब म्हणाले, "भिंत गळते, बरं दिसत नाही." मी दोन दिवसांत खालच्या ओळीतली बावीस भोकं बुजवली. लंबूने सिमेंट कालवलं, थापी माझी. भिंत कोरडी ठणठणीत! 'उत्कृष्ट देखभाल' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. बाहेरच्या खोलीत काचेत लावलंय. आल्यागेल्याला दाखवतो.

दुपारी ढिगाऱ्यात शोधलं. एक सापडला. मुठीएवढा सिमेंटचा गोळा, त्यावर अर्धा अंगठा. डब्याच्या पिशवीत टाकला, घरी आणला, माझ्या कपाटात धोतराखाली ठेवला. चोरासारखा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काम झालं. जेवलो नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वरच्या कचेरीतून चौकशीवाले साहेब आले. जाड चष्मा, बारीक आवाज. सप्टेंबरच्या पाहणीचा कागद काढला. त्यावर लिहिलेलं — भिंत सुस्थितीत, पाण्याचा निचरा चालू. खाली सूनबाईची सही.

"ही सही तुमची?"

"माझी."

"खालची ओळ तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"नाही."

"का नाही?"

तिने कागद साहेबांकडे परत सरकवला. मग म्हणाली, "पाहायला हवी होती. चूक माझी."

मी दहा हातांवर फावडं धरून उभा होतो. सप्टेंबरचा तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ती खाली उतरायला निघाली होती, बुटाच्या नाड्या आवळल्या होत्या. मी म्हटलं होतं, "मॅडम, खाली शेवाळ आहे, घसराल. खालचं मी बघितलंय. माझी भिंत आहे." तिने माझ्या शब्दावर सही केली. आणि आज माझं नावही काढलं नाही.

साहेब म्हणाले, "सोमवारी लेखी जबाब द्या. प्रकरण तुमच्यावर शेकणार असं दिसतंय."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भिंत चार फूट वर आली. सूनबाई स्वतः भोकांचे पाईप बसवते आहे, प्रत्येकाला डोळा लावून बघते. काम म्हणजे काम! मी तीस वर्षांत इतकी सरळ ओळ पाहिली नाही. अभिमानाने ऊर भरून येतो आणि लगेच धोतराखालचा गोळा आठवतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लंबूला सांगितलं. तो खडीवर बसकण मारून म्हणाला, "गप्प बस. चार महिन्यांनी निवृत्त होतोयस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तिचं काय?"

"तरुण आहे, शिकलेली आहे. दुसरीकडे मिळेल."

"दुसरीकडे? नावावर भिंत पाडल्याचा डाग घेऊन?"

लंबूने मूठभर खडी उचलली, टाकली. मग म्हणाला, "सिमेंट मी कालवलं होतं. माझंही नाव घेशील?"

"कालवणाऱ्याचा अंगठा नसतो रे," मी म्हटलं. बिचारा रडला. साठीला आलेला सहा फुटी माणूस!

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी नाही, पण दुपारी दोन तास घरी. चिरंजीव बायकोची बाजू घेऊन तावातावाने बोलत होते — "एवढी राबते, आणि हिचीच नोकरी जाणार! कुणीतरी वर्षानुवर्षं ती भोकं बघितली नसतील, त्याचं काय?" सूनबाई म्हणाली, "पुरे. जेवा आता." मला वाढताना हात जरासा थांबला. "बाबा, तुम्ही काल पण नीट जेवला नाहीत."

समोर भिंतीवर माझं प्रमाणपत्र. ही रोज फडक्याने काच पुसते.

उद्या सांगणार. बस्स!

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

गोळा रुमालात बांधून नेला. साहेबांचं टेबल गाडीच्या रिकाम्या डब्यात मांडलेलं, सूनबाई समोर जबाब लिहीत बसलेली. मी रुमाल सोडला, गोळा ठेवला, शेजारी माझा अंगठा ठेवला. म्हटलं, "साहेब, ताडून बघा. बावीस भोकं मी बुजवली. आणि सप्टेंबरात मॅडमना खाली उतरू दिलं नाही, तेही मी. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बाकीचे एकवीस कुठे?"

"समुद्राने नेले असतील."

सूनबाईचा चेहरा पांढराफटक. ताडकन उठली. "मुकादम, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही. दार आपटून निघून गेली. बरोबरच आहे. मी खोटं बोललो, तिच्या सहीवर डाग पडला. चिडू नये तर काय करावं!

साहेबांनी गोळ्याचा फोटो काढला आणि परत दिला. "घ्या, शोकेसमध्ये ठेवा." टोमणा होता. ऐकून घेतला. मग लिहून दिलं — सूनबाईला समज, मला आजपासून कामावरून दूर. निवृत्तीचं काय ते पुढे कळवणार.

घरी आलो, प्रमाणपत्र उतरवलं. हिला सगळं सांगितलं. हिने सवयीने फडक्याने काच पुसली. मग म्हणाली, "काच चांगली आहे. नातवाचा फोटो लावू त्यात."

"नातू कुठेय?"

"होईल की कधीतरी. तुम्ही आधी हातपाय धुवा."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गच्चीतून लाईन दिसते. पहिल्यांदाच लांबून बघतोय. लंबू हात वर करतो, सगळे थांबतात. माझ्याचसारखा! शिकवलेलं वाया गेलं नाही. रूळ आज बसले.

अकरा दिवस, मोजून! बोललो होतो.

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, निघून जाते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उधाण आलं, आणि भिंत हलली नाही!! लाटा वरून आत पडल्या, पाणी आत भरलं, आणि मग — खालची ओळ वाहायला लागली. बावीसच्या बावीस भोकं! फाटकापाशी शेकडो माणसं जमलेली, मी गर्दीत मागे उभा. शेजारचा एक म्हातारा ओरडला, "अरे, भिंत गळतेय!" मी म्हटलं, "आजोबा, गळू दे. अशीच गळायला हवी." तो मला आजोबा म्हणाला तर चाललं असतं, इतकं माझं वय झालंय, पण आज मी पंचविशीचा होतो.

ओहोटी लागल्यावर गाडी आली. बैलगाडीच्या चालीने, एकेक चाक तोलत. इंजिनात पुढे सूनबाई उभी, बाहेर वाकून रुळांकडे बघत. गाडी पार झाली तशी पलीकडचे लोक टोप्या उडवायला लागले. मुख्याध्यापक नाचले म्हणे, कंबर मोजून! गँगने तिला खाली उतरवून शेवटच्या दगडाजवळच्या ओल्या सिमेंटपाशी नेलं. तिने अंगठा उमटवला. माझी रीत. लंबूने गर्दीत मला शोधून हात वर केला, मीही केला.

माझी भिंत पडली, तिची उभी राहिली. असा अभिमान मला त्या प्रमाणपत्राचाही कधी वाटला नव्हता. हे तिला तोंडावर सांगायला हवं. पण ती बोलेल तेव्हा ना!

२२ नोव्हेंबर, शनिवार

रिकामा बसलोय म्हणून हिने जिन्याखालची अडगळ आवरायला लावली. जुन्या चपलांच्या मागे खाकी पिशवी. जड. आत सिमेंटचे गोळे, प्रत्येकावर अर्धा अंगठा. दोनदा मोजले. वर सूनबाईच्या अक्षरात चिठ्ठी — '१० नोव्हेंबर. एकवीस मिळाले. एक सापडत नाही. साहेबांच्या आधी सापडायला हवा.'

कपाटातून बाविसावा आणला, पिशवीत ठेवला. चिठ्ठीखाली लिहिलं — 'सापडला. — बाबा.' पिशवी होती तिथेच परत ठेवली.