पिल्लाला मारलेली लाथ

कुक्षी, रविवार

प्रिय अक्का,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

पिल्लू आता शहाणं झालंय, शू आली की दाराशी जाऊन कुंईकुंई करतं. फक्त घरमालक वीरेंद्रजी दिसले की जागीच मुततं. जिन्यात शू केली म्हणून त्यांनी एकदा त्याला लाथ घातली होती. मी तेव्हा गप्प बसले, पण विसरले नाही.

काल गोशाळेची मंडळी त्यांना अध्यक्ष करायला हार घेऊन आली. मी मुद्दाम पिल्लू घेऊन खाली गेले. "आओ बेटा," म्हणत त्यांनी लाडानं त्याला उचललं, तसं ते थरथरत त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर मुतलं.

"इतना डरता क्यूँ है?" एका काकांनी विचारलं. मी लाथेचं सगळं सांगितलं. मंडळी हार घेऊन परत गेली.

खोली सोडावी लागेल बहुतेक. तू काळजी करू नकोस. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

पण पिल्लू कालपासून पलंगाखालून निघत नाही. दूध-पोळी दाखवली तरी येत नाही. त्या माणसाच्या हातात त्याला मीच दिलं ना, अक्का.

तुझीच,
लतिका