आखाजीच्या शिव्या शाळेच्या कागदावर

ती. ताईबाई मावशी,

रत्नाचा पाया पडून नमस्कार. सगळ्यात आधी माफ कर. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथंच बाकावर राहून गेले, ते मला परत भेटलेच नाहीत. मोबाईल काही शब्द आपोआप नीट करतो, म्हणून जे शब्द फार शहाणे वाटतील ते त्याचे समज आणि बाकीचे माझे. एका अंगठ्यानं लिहिते, त्यामुळे फार वेळ लागतो. बोलून टाईप करता येतं असं सगळे सांगतात, पण मी ओट्यावर एकटी मोबाईलशी बोलताना बेबाबाईनं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत माझं लग्न ठरलं म्हणून गावभर होईल. तुझ्याकडे मोबाईल नाही म्हणून तुझ्या शेजारच्या मोहिनीच्या आईच्या नंबरवर पाठवते. मोहिनी तुला वाचून दाखवेल. (मोहिनी, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नसतं. तिसरीत आहेस, एवढं कळायला पाहिजे.)

तुझी तब्येत कशी आहे? नानांचा गुडघा कसा आहे? तुमच्या विहिरीला पाणी आहे का? इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आबा बरे आहेत. मी केलेली कळण्याची भाकरी चांगली झाली असं रोज म्हणतात आणि अर्धी ताटात ठेवतात. आई गेल्यापासून त्यांना सगळंच चांगलं लागतं, काहीच पूर्ण खात नाहीत. धाकट्या हिलालला ताप नाही, खोकला नाही, फक्त तो परत लिहायचा थांबला आहे. त्याबद्दलच लिहायचं आहे. काही मागायचं नाही, तसा गैरसमज करून घेऊ नको. नदीच्या तुझ्या काठावरून तुला जे ऐकू आलं ते अर्धं आहे, म्हणून इकडचं अर्धं पाठवते.

आमचे धनसिंग गुरुजी तुला माहीत आहेत. पहिली ते चौथी एकटेच शिकवतात. (दुसऱ्या गुरुजींची खुर्ची आहे, गुरुजी नाहीत.) ते आणि तुमच्या शाळेच्या मेघा मॅडम पाचोऱ्याला कुणाच्या तरी लग्नात एका पंगतीत बसले आणि तिथं हे सगळं सुरू झालं. गुरुजी म्हणाले, माझी पोरं फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवतात, पण स्वतःच्या मनानं तीन ओळी लिहा म्हटलं की पेन्सिल चावतात. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे तेच, फक्त माझी खोडरबर खातात. मग दोघांनी वरण-भात होईपर्यंत ठरवलं की दोन्ही शाळांच्या पोरांनी एकमेकांना पत्रं लिहायची. इकडच्यांची पत्रं मॅडमनी तपासायची, तिकडच्यांची गुरुजींनी. लाल पेन वापरायचा नाही. खाली फक्त एक प्रश्न लिहायचा, त्याचं उत्तर पोरानं पुढच्या पत्रात द्यायचं. आणि आलेलं पत्र घरी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचं. हा शेवटचा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला ते आता दोघंही सांगत नाहीत.

रस्त्यानं यायचं तर पुलावरून लांबचा वळसा, म्हणून नदी आटल्यावर शनिवारी गुरुजी इकडून वाळूत उतरायचे, मॅडम तिकडून, आणि मधोमध पिशव्या बदलायच्या. बेबाबाई काठावर धुणं धुता धुता म्हणायची, "शनिवार उना की मास्तर चालना नदीत. काय भानगड शे वं?" तेव्हापासून गुरुजी बायकोला सोबत न्यायला लागले. बिचारी उन्हात छत्री धरून वाळूत उभी राहायची आणि शिक्षणाचा दर्जा सुधारायची.

पहिल्या पत्रांत सगळ्या पोरांनी गाय उपयुक्त प्राणी आहे असं लिहिलं. तिकडून उत्तर आलं, गाय उपयुक्त प्राणी आहे. दोन गावं एकमेकांना गाईची खात्री देत होती. मॅडमनी प्रत्येकाच्या खाली लिहिलं, तुला कधी गाईनं लाथ मारली का? मग पोरं सुटली. कुणाला कुठं लाथ बसली, कोण रडलं, हळद कुणी लावली, गाय नंतर कशी बघत होती, पानंच्या पानं आली. गुरुजी वर्गात एकटेच हसत बसायचे.

आपल्या हिलालचं मात्र पान कोरं. तुला माहीत आहे, तेराव्याला तू होतीस तेव्हाही तो नीट बोलत होता, खेळत होता. पण हातात पेन्सिल आली की बंद. वर स्वतःचं नाव घालायचा आणि बसून राहायचा. गुरुजी रागावले नाहीत. त्याचं कोरं पान घडी करून बाकीच्या पत्रांत ठेवायचे आणि नदीपार करायचे. त्याची जोडी मोहिनीशी लावलेली. आधी समोरच्याचं काहीतरी चांगलं सांगायचं असा मॅडमचा नियम, म्हणून मोहिनीनं त्याला लिहिलं, तुझं पत्र मिळालं, कागद स्वच्छ आहे. (मोहिनी, मी हसले नाही. थोडीच हसले.) असं बरेच शनिवार चाललं. तिकडून स्वच्छतेचं कौतुक यायचं, इकडून स्वच्छ कागद जायचा.

मग घरातल्या माणसाबद्दल लिहा असं आलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदा दोन शब्द लिहिले. माझी आई. बस. मॅडमनी खाली प्रश्न घातला, आई काय म्हणायची? ते पान घेऊन तो उंबऱ्यावर बसला. मी भाकरी थापत होते. मला वाटलं परत तसाच बसून राहील. पण पेन्सिलीचा आवाज येत राहिला. मध्ये एकदाच त्यानं विचारलं, "अक्का, नऊ साड्या का सात?" मी म्हटलं नऊ. माझ्या तोंडातून निघून गेलं. मग लक्षात आलं की तो काय लिहितोय, आणि तव्यावरची भाकरी करपली. आबांनी ती पूर्ण खाल्ली.

मावशी, तुला पाठच असेल. "प्रेमराजन्या मिशा जश्या खराटान्या काड्या, वर वाळत घालस ताईबाई नऊ साड्या." तिथून सुरू करून त्यानं सगळं लिहिलं. नाना जेवताना मिशी वर धरतात की मिशीलाच आधी जेवू घालतात, मिशीत कोणकोणती पाखरं अंडी घालतात, मिशीचा सातबारा वेगळा आहे का, सगळं. आई कंबरेवर हात ठेवून मान कशी हलवायची, दम लागला की घागरीतलं पाणी पिऊन पुढची शिवी कशी काढायची, हेसुद्धा. मी दरवर्षी शेजारी उभी असायचे तरी मला त्यातलं निम्मं आठवत नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं. आजोळी आता कुणी नाही, मामा सुरतला गेला, म्हणून आखाजीला (मोबाईल तिची अक्षय्यतृतीया करतो, मी परत आखाजी करते) तुम्हा दोघी बहिणींना जायला माहेर नव्हतं. गौराई बोळवायला आई ह्या काठावर यायची, तू त्या काठावर, आणि तुम्ही एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या द्यायच्या. मला लहानपणी वाटायचं तुमचं भांडण आहे. नंतर कळलं की तेच तुमचं माहेर.

गुरुजींनी ते पान वर्गात वाचलं, हसले, मग चष्मा पुसायला बाहेर गेले. तिथंच चूक झाली. बाकीच्या पोरांना वाटलं की लिहायचं ते हेच. सगळी बेबाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि तिनं कधी नाही इतक्या प्रेमानं सांगून लिहून घेतलं. "पोरेसहो, हळू लिखा. शिवी चुकनी तं मना नाव खराब व्हई." आखाजी जवळ आलेली, गुरुजींना वाटलं सणाचं लिहिताहेत, बरंच आहे. तुमच्याकडच्या पोरांनीही तसंच झकास उत्तर दिलं. जी पोरं पेन्सिल खात होती त्यांना कागद पुरेना. गुरुजी आणि मॅडमना इतकं खूश कुणी पाहिलं नव्हतं.

पुढचं तुझ्या डोळ्यांपुढं झालं. मोहिनीनं नियमाप्रमाणे हिलालचं पत्र ओट्यावर उभं राहून, स्पष्ट उच्चारात, सगळ्यांपुढं वाचलं. शेजारी तुमच्या ओट्यावर नाना तालुक्याच्या पाहुण्यांसोबत चहा घेत बसले होते. पाहुणे हसले म्हणतात. बशीतून चहा सांडेपर्यंत हसले म्हणतात. नानांचा राग मला कळतो, मावशी. नदीवरची शिवी घरी न्यायची नसते. पाय धुवायचे, दुसऱ्या दिवशी ह्या काठावरून त्या काठावर सांजोऱ्या पाठवायच्या, झालं. ही शिवी पोरांनी पार करून घरात आणली, तीही पाहुण्यांपुढं. आणि कागदावरच्या शिवीला पाय धुता येत नाहीत.

मग अर्ज झाला, वर नानांची सही. दोन शिक्षकांनी संगनमतानं लेकरांना शिव्या शिकवल्या. साहेब चौकशीला आले तर त्यांना शिव्यांपेक्षा जिल्ह्याचीच काळजी. आमची शाळा जळगावात, तुमची धुळ्यात, मग पिशव्यांची देवाणघेवाण नेमकी कोणत्या जिल्ह्यात झाली? गुरुजी म्हणाले, मध्ये. साहेबांनी "मध्ये" असं लिहून घेतलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग पत्रं बंद करायला सांगितली. गुरुजींची बदली होईल असं बोलतात. सोमवारी दोघांना पुन्हा बोलावलंय.

त्या दिवशी शाळेत पालकही बसले होते. आबांच्या ऐवजी मी गेले होते. मला उठून सांगायचं होतं की गुरुजींनी काही शिकवलं नाही, ते माझ्या आईचं आहे. मी उठलेसुद्धा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माठाकडे गेले, पाणी प्यायले आणि येऊन बसले. तहान नव्हती.

ह्या आखाजीला दोन्ही गावच्या जाणत्यांनी बायकांना सांगितलं, एक शब्द तोंडातून काढायचा नाही. सगळ्यांनी गुपचूप गौराई बोळवली आणि घरी गेल्या. बेबाबाईनं वर्षभराचं साठवलेलं, ते ती घरी जाऊन कोंबड्यांना बोलली. हिलाल काठावर थांबला होता. तुमच्याकडच्या बायका आल्या, गेल्या, तू खाली आली नाहीस. तो सगळं सुनं होईपर्यंत थांबला. आता सुट्टी आहे तरी शनिवारी दप्तर घेऊन वाळूत जाऊन बसतो. मी बोलवायला जाते. तो येतो, पण लिहीत नाही. कागद पुन्हा स्वच्छ.

बाकी ठीक. उन्हात फिरू नको. लहानांना आशीर्वाद, नानांना नमस्कार.

तुझी,
रत्ना

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खोटं होतं, पण एका अंगठ्यानं इतकं मागं जाऊन खोडवत नाही. सोमवारच्या आत नानांना अर्ज मागं घ्यायला सांगशील का? त्यांना म्हण, ते शब्द पोराचे नाहीत, तुमच्या मेहुणीचे आहेत. ती नदीवर मिशीचं काढायची तेव्हा त्या काठावर सगळ्यात आधी नानाच हसायचे. मी पाहिलंय.

ता. क. २. वरचं जमलं नाही तर राहू दे. (राहू देऊ नको. पण तुला घरात कसं बोलावं लागत असेल ते मला कळतं.) खरं मागणं वेगळंच आहे. आईच्या शिव्यांना तू जे उत्तर द्यायचीस, आमच्या आबांच्या टकलावरचं, ते ह्या वर्षी आलंच नाही. हिलाल विचारतो, मावशीला ऐकू गेलं नाही का? मला दोनच ओळी येतात. आबांना विचारलं तर म्हणाले, मला कुठं आठवतंय, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तू सांग, मोहिनीला लिहू दे. काही गाळू नको, जितकं वाईट असेल तितकं पाठव. पत्रावर त्याचं नाव घाल.

ता. क. ३. इकडे यायची एसटी आता मारुतीपाशी थांबत नाही, दूध डेअरीपुढं थांबते.